माझ्या नवमीची सवाष्ण

मालिका सुरू व्हायच्या आधी टीव्हीवर एक पाटी येते. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, आणि माझ्यासारखीने चष्मा लावेपर्यंत ती निघूनही जातात. माझ्या नातीने ती पाटी थांबवून मोठ्याने वाचून दाखवली होती. या मालिकेत भीतिदायक दृश्यं आहेत, मृतदेह आहेत, आत्मे आहेत, पाण्यात बुडण्याचे प्रसंग आहेत; लहान मुलांनी, गरोदर बायकांनी आणि कमजोर हृदयाच्या लोकांनी जपून पाहावं. मी म्हटलं, यातलं आपल्या घरात कोणीच नाही, लाव.

पाटी लिहिणाऱ्याला मी दोष देत नाही. ज्या माणसाला आठवतच नाही त्याने काय जपावं, हे त्याला कुठून सुचणार. आणि भिंतीवरच्या फोटोबद्दल तर त्यात काही नव्हतंच. तो फोटो मी दिला होता.

आमचे हे रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर बरीच वर्षं बरी गेली. मग तीनेक वर्षांपूर्वी विसरणं सुरू झालं. आधी चष्मा विसरले, मग चष्मा कशाला लागतो ते विसरले. एकदा सदर बाजारातून परत येताना, रायपूरच्या ज्या तात्यापारा मोहल्ल्यात जन्म काढला त्याच तात्यापाऱ्याचा रस्ता विचारत घरी आले, आणि दार मी उघडल्यावर म्हणाले, "अवं, इथले लोक लय चांगले आहेत, घरापर्यंत सोडून देतात." मुलगा कुठे नोकरी करतो ते गेलं. नात कितवीत आहे ते गेलं, मग ती नात आहे हेही अधूनमधून जाऊ लागलं. मी मात्र टिकून होते. सकाळी डोळे उघडले की पहिला शब्द "अवं" हाच, आणि तो माझ्याचसाठी.

डॉक्टर म्हणाले होते की जवळचं माणूस सगळ्यात शेवटी जातं, पण जातं. मी त्या "शेवटी"वर जगत होते. मुलाला आणि सुनेला मी ऐकवायची, तुम्हाला विसरतात कारण तुम्ही लक्षात ठेवण्यासारखे नाही. असा तोरा होता माझा, दोन वर्षांपूर्वीपर्यंत. तेव्हा मी सत्तरीची पोरसवदा बाई होते, अक्कल यायची होती.

आता फोटोचं सांगते.

त्या मालिकेचं चित्रीकरण पुरानी बस्तीतल्या एका बंद घरात चालू होतं. गोष्ट अशी की एका मराठी घरातली नवी सून विहिरीत बुडून मरते आणि पन्नास वर्षांनीही घर सोडत नाही. त्यांना मराठी घरातलं जुनं सामान हवं होतं. म्हणून बारीक केस कापलेली एक मुलगी आमच्या पाऱ्यात घरोघरी फिरत होती. कोणीतरी तिला सांगितलं की त्या कोपऱ्यावरच्या काकू काहीही फेकत नाहीत. ती आली. पितळी घंगाळ घेतलं, समई घेतली, आणि जाता जाता घरातल्या अरुंद बोळीत, भिंतीवरच्या फोटोपाशी उभी राहिली.

तो माझा लग्नानंतरचा फोटो. वर्ध्याहून रायपूरला आले त्याच आठवड्यात सासऱ्यांनी सदर बाजारातल्या स्टुडिओत नेऊन काढवला होता. एकोणीस वर्षांची मी. आदल्या दिवशी स्टीलच्या ताटात पाहून तिरपं बघायची प्रॅक्टिस केली होती, कारण मी नटीसारखी दिसते असं मला वाटायचं. मला एकटीलाच वाटायचं. पावडर इतकी थापली होती की चेहरा एकीचा आणि मान दुसरीची. नथ दाबाची, ती सारखी सुटायची, म्हणून श्वास रोखून धरलेला. त्यात फोटोवाला म्हणाला, डोळे मिटू नका हं बाई. मी मिटले नाहीत. इतके ताणून उघडे ठेवले की फोटो काढून झाल्यावरही बराच वेळ ते मिटेनात. मागे रंगवलेलं तळं, त्यात दोन बदकं, आणि पुढे ही बया, कोणीतरी मागून गळा धरल्यासारखी.

घरातल्या कोणालाही तो फोटो आवडत नाही. ह्यांना आवडायचा. कशात काय दिसेल कोणाला.

त्या मुलीने डोळ्यांकडे बोट दाखवलं आणि म्हणाली की असेच डोळे हवे आहेत, अगदी असेच. मग जरा हळू आवाजात विचारलं, "दादी, ये कौन हैं?"

"इस घर की बहू थी."

"अब?"

"नहीं रही बेचारी."

असं का म्हटलं, तर जीभ खाजत होती म्हणून. दुसरं काही कारण नाही. त्या पोरीचा चेहरा पडला. तिने फ्रेमला हात लावून तो कपाळाला टेकवला. मला इतका आनंद झाला की मी पुढे जोडून दिलं, फार लहान वयात गेली, दिसायला चांगली होती. पोरीने माझा हात दाबला. मी डोळ्यांना पदर लावला.

सून चहा घेऊन दारात उभी होती. ट्रेमधल्या कपबशा वाजल्या. मुलगी फोटो घेऊन गेली तेव्हा सून म्हणाली, "आई, आपल्याच तोंडानं असं काहून म्हणता? घर ऐकत असते."

मी म्हटलं, ऐकू दे, घराला माहीत आहे मी रोज किती पोळ्या खाते.

पंधरा दिवसांनी सामान परत आलं. घंगाळाला पोचा पडला होता आणि फोटोला चंदनाच्या सालीचा हार तसाच होता, काढायचा राहून गेला होता. सुनेने तो माझ्या हातातून हिसकला आणि अंगणाच्या बाहेर नेऊन टाकला. मग फ्रेम ओल्या कापडाने पुसली. एकदा नाही, तीनदा. काचेवर कुंकवाचा एक ठिपका होता, तो काचेच्या आत कसा गेला कोण जाणे, तो पुसला गेला नाही. फोटो पुन्हा बोळीत आपल्या खिळ्यावर गेला. मी विसरून गेले.

मालिका आली पुढच्या वर्षी, भादव्यात. तीजाचे दिवस होते, इकडच्या बायका तीजाच्या उपासाला माहेरी जातात, तशी कामवाली गेली होती, घरभर पसारा. रविवारची दुपार. मी सगळ्यांना बोलावलं, भजी तळली, पडदे ओढले. फोटो दिला तेव्हा मी काय सांगितलं होतं, हे सून सोडून कोणाला माहीत नव्हतं. मला गंमत करायची होती. नात म्हणाली, "आजी, आबा को अंदर सुला दें क्या?" ती पाटी वाचून तिच्या मनात काहीतरी आलं असावं.

"काहून?" मी म्हटलं. "बायको टीव्हीवर येऊन राहिली, तेही पाहतील नं."

हे माझे शब्द. मीच बसवलं त्यांना आरामखुर्चीत, पाठीशी उशी दिली, हातात भज्यांची वाटी दिली.

पहिल्या भागाच्या शेवटी कॅमेरा एका अंधाऱ्या बोळीतून चालत गेला. कुठेतरी पाणी ठिबकत होतं. बोळीच्या टोकाला माझा फोटो. दोन बाजूंना दोन दिवे, त्यातली एक माझीच समई, आणि फोटोला हार. कॅमेरा जवळ जवळ गेला. मग त्या ताणलेल्या डोळ्यांतून काळं पाणी वाहायला लागलं, गालांवरून, नथीवरून, हारावरून.

मी टाळी वाजवली. म्हटलं, पाहा, जन्मात एकदा तरी ही बरी दिसली. मुलगा हसला. नात किंचाळून हसली. मग आम्ही सगळे एकदम गप्प झालो, कारण हे उठले होते. वाटी खाली पडली होती. ते टीव्हीपाशी गेले आणि त्या चेहऱ्यावर तळहात ठेवला. पाणी थांबवायला ठेवावा तसा.

"ही कधी गेली?" त्यांनी विचारलं.

नात रिमोट शोधू लागली.

"मले कोणी सांगितलं काहून नाही?"

मी पुढे झाले. त्यांचा दंड धरून म्हटलं, अहो, मी इथं आहे नं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आपल्या राखीव बर्थवर चुकून बसलेल्या माणसाकडे आपण बघतो ना, रागाने नाही, संकोचाने, तसं. मग त्यांनी हात जोडले.

"या बाई," ते म्हणाले. "आल्या, बरं झालं. बसा."

भेटायला आलेल्या बाईला म्हणतात तसं.

मला वाटलं, झोपून उठले की जाईल. सगळंच जात होतं, हेही जाईल. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या उशाशी बसून "अवं"ची वाट पाहत होते. त्यांनी डोळे उघडले, छताकडे पाहिलं आणि विचारलं, "नेलं काय तिले?"

तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. जो माणूस जेवल्याचं दहा मिनिटांत विसरायचा, तो हे विसरेना. मुलाने पहिल्या दिवशी चिडून म्हटलं, बाबा, आई जिवंत आहे, ही काय समोर. ह्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की मुलगा खाली बसला. "तुही आई गेली," ते म्हणाले, "अन् तू थट्टा करून राहिला." आणि रडले. त्यांना रडताना मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, वाद घालू नका, हो म्हणा, आपोआप मागे पडेल. मग आम्ही हो म्हणू लागलो. म्हणजे मुलगा, सून आणि नात हो म्हणू लागले. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची. आपल्या मरणाला हो म्हणताना चेहरा कसा करायचा असतो, ते ताटात पाहून शिकले नव्हते.

ते बोळीत फोटोसमोर खुर्ची टाकून बसू लागले. मी जवळ गेले की सरकून जागा द्यायचे. एकदा मला म्हणाले, "बाई, तुम्ही ऐकून राहिल्या काय?"

मी विचारलं, काय.

"बांगड्या. सकाळी सैपाकघरात वाजतात. ती फिरून राहिली घरात."

माझ्या हातातल्या बांगड्या तेव्हा पदराखाली होत्या. मी हात हलवला नाही.

त्या दिवसापासून मी बांगड्यांवर रुमाल गुंडाळून काम करू लागले. काढणं बरं नव्हे, सून तर मला हात जोडून म्हणाली की काढू नका. पायातल्या चपला सोडल्या. दार ढकलताना खालून धरायची, कुरकुरू नये म्हणून. त्याने झालं असं की आवाज न करता मी एकदम कुठेही उगवू लागले. एकदा ते आंघोळीहून आले आणि मी बोळीत उभी, हाताला पांढरं फडकं गुंडाळलेलं. ते भिंतीला धरून खाली बसले. आयुष्यभर मी त्यांना दाराआडून भो करून घाबरवायचा खेळ खेळले आहे, लग्नानंतर दोन महिने तर रोज. तेव्हा ते घाबरल्याचं सोंग करायचे. मला वाटायचं खरंच घाबरतात. एवढी अक्कल त्या डोळे ताणलेल्या पोरीला.

मलाही आता बोळीतून जावंसं वाटेना. दिवेलागणीला दिवा लावायच्या आधी फोटोच्या काचेत माझा चेहरा पडायचा, तिच्या चेहऱ्यावर बरोबर. आधी तिचे डोळे दिसायचे, मग माझे. काचेच्या आत तो कुंकवाचा ठिपका. घर ऐकत असते, असं सून म्हणाली होती. मी मनगट दाबून पाहायची. ठोके होते.

पण खरी गोष्ट जेवणावर आली. एका सकाळी त्यांनी वरणाचा एक घास घेतला आणि ताट दूर सारलं. "हे तिच्या हातचं आहे," ते म्हणाले. मी हिंगाची फोडणी जरा जळू देते, सासूबाईंनी त्यावरून मला वर्षभर बोलून घेतलं होतं, तरी मी ती तशीच देते. नंतर सुनेने स्वयंपाक केला. पण घरातली भांडी माझी, लोणचं माझं, त्यांना सगळ्यात माझा वास यायचा. दुधावर आले. मग दूधही अर्धा पेला. घड्याळ मनगटावरून घसरून कोपरापाशी जायला लागलं. डॉक्टर म्हणाले, खायला घाला, नाहीतर दवाखान्यात ठेवावं लागेल, आणि या वयात तिथे गेले की...

मी त्यांच्याजवळ बसले. म्हटलं, जेवत का नाही तुम्ही?

त्यांनी आवाज खाली आणला. परक्या बाईला घरचं सांगतात तसा. "तिचं या लोकांनी काहीच केलं नाही, बाई. दहावं नाही, तेरावं नाही. उपाशी फिरते ती. तिच्या आधी मी कसा जेवू?"

मी उठले, स्वयंपाकघरात गेले आणि सुनेला म्हटलं, करून टाका माझं.

पितृपक्ष लागलाच होता. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईची तिथी नवमीला करतात, अविधवा नवमी. तिच्या नावाने एका सवाष्णीला जेवू घालतात, तिची ओटी भरतात. त्याला गुरुजी लागतातच असं नाही. मी सगळं मांडून सांगितलं, जणू शेजारच्या घरचं सांगते आहे. सुनेचा चेहरा पांढरा झाला. ती म्हणाली, आई, मी तुमची सगळी कामं करीन, पण तुमच्या नवमीचा सैपाक माझ्या हातून होणार नाही. मुलगा म्हणाला, मी त्या दिवशी ऑफिसात जाईन आणि उशिरा येईन, मला काही सांगू नका. दोघांचंही बरोबर होतं. मी म्हटलं, सैपाक मी करते, मला माझी आवड माहीत आहे.

नवमीला सकाळी मी न्हाले आणि चुलीपाशी लागले. तांदळाची खीर, उडदाचे वडे, कढी, गवारीची भाजी, लाल भोपळा, आल्याची चटणी. बाजारातून कोचईची, म्हणजे अळूची, पानं नात घेऊन आली होती, त्यांच्या वड्या केल्या. फोडणी जळू दिली. ज्यांच्या नावाने करायचं त्यांच्या आवडीचं करतात, त्यात माझी काय चूक. हसत होते मी, पण वडे थापताना हात थांबायचे. पन्नास वर्षांत या स्वयंपाकघरात मी सासूबाईंचं केलं, आजेसासूचं केलं, प्रत्येक वेळी वाटायचं, माझं कोण करेल आणि मीठ बरोबर पडेल का. बरोबर पडलं होतं. चाखता येत नाही, पण वासावरून कळतं.

सवाष्ण म्हणून शेजारच्या वहिनी यायच्या होत्या. कोणाची नवमी ते मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्या आल्या, पाटापर्यंत आल्या, फोटोखाली लावलेला दिवा त्यांनी पाहिला, मग मला पाहिलं. सुनेने मान खाली घातली तेव्हा त्यांना समजलं. त्या दोन पावलं मागे सरल्या.

"काकू, माझ्यानं नाही होणार," त्या म्हणाल्या. "तुमच्या नावाचा घास मी कशी घेऊ?"

त्या गेल्या. पान वाढलेलं होतं. खिरीवर साय धरत होती. हे भिंतीला टेकून बसले होते, स्वच्छ धोतर नेसून, आणि पानाकडे पाहत होते. ते इतके बारीक झाले होते की धोतराच्या निऱ्या जास्त येत होत्या.

मग त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. कपाळाकडे.

"या बाई आहेत नं," ते म्हणाले. "कुंकू आहे. बाई, मालक आहेत तुमचे?"

"आहेत."

"बरे असतात?"

"असतात तसे," मी म्हटलं. "खात नाहीत नीट."

"त्यांले सांगा जेवाले," ते म्हणाले. "बसा तुम्ही. तिच्या नावानं बसा."

सून म्हणाली, आई, नको. तिने माझा पदर धरला होता. मी तो सोडवला आणि पाटावर बसले.

पाय धुवायला सून पुढे येईना, म्हणून नातीने धुतले. तिचे हात थंडगार होते. हळद लावताना तिने कानात विचारलं, "आजी, कुछ होगा तो नहीं?" मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, ओटीतला नारळ नीट धर, पडेल. माझ्याच पेटीतला खण, माझ्याच ओटीत. गच्चीवर कावळ्यासाठी एक पान ठेवलं होतं, त्याकडे मी नंतरही पाहिलं नाही.

मी जेवले. हे समोर बसून वाढायला सांगत होते. वडा वाढा, तिले वडा आवडे. खीर वाढा. प्रत्येक घासाला त्यांचे डोळे माझ्या हाताबरोबर तोंडापर्यंत यायचे. "पोटभर जेवा, बाई. तिले पोहोचलं पाहिजे." मी माझ्या जन्मात इतकी गप्प कधी जेवले नाही. घशाखाली काय जात होतं कळत नव्हतं, पण एक घास राहिला असता तरी ते उपाशी उठले असते, म्हणून पान पुसून खाल्लं. रुमालातल्या बांगड्या मी पाटावर बसतानाच मोकळ्या केल्या होत्या. त्या वाजत होत्या. ते ऐकत होते. या वेळी घाबरले नाहीत.

हात धुतल्यावर त्यांनी मला वाकून नमस्कार केला. मी मागे सरू शकले नाही, मागे भिंत होती. त्या दिवशी सवाष्ण मी होते आणि नमस्कार घेणं माझं काम होतं.

मग ते जेवायला बसले. दोन वडे, कढी, भात, पुन्हा भात. सून दाराआड रडत होती. मी वाढत होते.

जेवता जेवता ते तिच्याबद्दल बोलले. लग्न होऊन रायपूरला येताना ती गोंदियापर्यंत रडत होती आणि मग डब्यातले सगळे लाडू एकटीने खाल्ले. मला वाटलं होतं तेव्हा ते झोपले आहेत. "लय बोले," ते म्हणाले. "डोकं खाये. पण घर वाजतं राहे." भात कालवत म्हणाले, "तुम्ही आता इथंच राहा, बाई. तिले आवडलं असतं."

"हव," मी म्हटलं.

तेव्हापासून मी इथेच राहते. त्यांचं वजन परत आलं आहे. बांगड्यांना ते घाबरत नाहीत, वरणाला नाव ठेवत नाहीत. "अवं" काही परत आलं नाही. सकाळी डोळे उघडले की म्हणतात, "बाई, उठल्या काय." आणि मग उठून बोळीत जातात. फोटोला ताज्या फुलांचा हार घालतात, सून आता काही म्हणत नाही, फुलं तीच आणून देते. तिथे उभे राहून ते माझ्या तक्रारी सांगतात. ही बाई चहात साखर कमी टाकते. ही बाई औषध घेतल्याशिवाय सोडत नाही. तशी वाईट नाही. मी स्वयंपाकघरातून ऐकते. ती तिथून डोळे ताणून बघते आणि एक शब्द बोलत नाही, आणि त्यांना वाटतं किती समजूतदार. मला तिचा कधी कधी असा राग येतो की हार उतरवून टाकावा. पण ती खरंच गेली आहे. ते तेवढं बरोबर सांगतात.

मागच्या महिन्यात चहा पिताना त्यांनी मला विचारलं, "तुमचा एखादा फोटो आहे काय, बाई?"

मी म्हटलं, नाही.

"काढून ठेवा," ते म्हणाले. "पुढं लागते. ऐन वेळेवर सापडत नाही."

नातीने तो त्याच दिवशी अंगणात मोबाईलवर काढला. मी डोळे मिटायचे तेव्हा मिटले, उघडायचे तेव्हा उघडले, तिला पाच वेळा काढावा लागला. तो छापून, पेपरात गुंडाळून त्यांच्या स्वेटरांखाली कपाटात ठेवला आहे.

खिळा मात्र त्यांनी स्वतः ठोकला. पहिल्या फोटोच्या शेजारी, त्याच उंचीवर, मोजून. सिग्नलच्या खात्यातला माणूस, अजूनही रेघ वाकडी जात नाही. सध्या मी त्या खिळ्यावर बाजाराची पिशवी अडकवते. ते रोज सकाळी ती काढून खुर्चीवर ठेवतात, आणि मी पुन्हा अडकवते.